न पळणारा राजा

धोंडबा रंगारी हा माझ्या ओळखीतला एकमेव राजा. एरवी तो खलाशी होता. आमच्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. गर्डर, पाइप, यंत्रांची धुडं यांना दोर-साखळ्या बांधून क्रेनने वर चढवणारा माणूस. सहा फूट उंच, रंगाने तव्यासारखा, आणि पंजे एवढे मोठे की चहाचा कप हातात घेतला तर कप दिसत नसे, नुसती वाफ दिसे. पहिली ब्लास्ट फर्नेस, म्हणजे लोखंड गाळायची भट्टी, उभी राहत होती तेव्हा तो तिच्या अंगाखांद्यावर वावरला. रशियन साहेबलोक त्याच्या गाठी बघून मान डोलवत.

आम्ही शेजारी. कामगारांच्या कॅम्पात पत्र्याच्या दोन खोल्या त्यांच्या, दोन आमच्या, मध्ये बांबूची तट्टी. माझे मिस्टर ड्रॉइंग ऑफिसात नकाशे उतरवणारे ट्रेसर. मी नागपूरला बी.ए. झालेली, म्हणून अख्खी लाइन मला 'बीए बाई' म्हणे. धोंडबाची बायको पंचफुलाबाई तट्टीतून हाक मारायची, "बीए बाई, दोन मिरच्या हायेत का?" तेव्हा त्या डिग्रीचा खरा उपयोग कळायचा. माझी शालू त्या वेळी नुकती चालायला लागली होती, आणि भोवती सगळे उघडे खड्डे, विंचू आणि ट्रक. माझा अर्धा जीव कायम तिच्या पायांपाशी असे. धोंडबाने एके दिवशी न विचारता आमच्या दाराला आडवा बांबू बांधून दिला. शालूला तो ओलांडता येईना. मलाही येईना, पण तक्रार करण्यासारखं ते नव्हतं.

दीक्षा घेऊन आम्हाला तेव्हा अडीच वर्षं झाली होती. जुने सण घरातून गेले होते आणि नवे कसे साजरे करायचे हे पुरतं ठरलं नव्हतं. एकोणसाठच्या वैशाख पौर्णिमेला नाटक करायचं असं समितीने ठरवलं. समितीचे अध्यक्ष गुलाबराव, स्टोअरमधले क्लार्क. ते माझ्याकडे आले आणि स्टोअरमध्ये नट-बोल्ट मागावेत तसं म्हणाले, "बाई, तीन अंकी नाटक एक नग पाहिजे. बौद्ध राजाचं. पंधरा दिवसांत."

नागपूरहून आलेल्या भंतेजींनी एकदा एक गोष्ट सांगितली होती, ती माझ्या मनात घर करून बसली होती. वट्टगामणी अभय, दोन हजार वर्षांपूर्वीचा सिंहलद्वीपाचा, म्हणजे लंकेचा राजा. गादीवर बसून धड सहा महिने झाले नव्हते तोच समुद्रापलीकडच्या तमिळ मुलखातून सात सरदार चालून आले. राजा हरला आणि रथात बसून पळाला. वाटेवरच्या एका साधूने ओरडून त्याला हिणवलं, 'पळाला, काळा सिंहल पळाला!' रथ जड होत होता म्हणून राणी सोमदेवी आपणहून उतरली आणि शत्रूच्या हाती लागली. चौदा वर्षं राजा रानात, गुहांत लपून राहिला. मग लढून त्याने राज्य परत घेतलं, राणीलाही परत आणलं. तोवर नुसतं पाठ करून सांभाळलेलं बुद्धवचन त्याच्याच काळात पहिल्यांदा लिहून काढलं गेलं, असं भंतेजी म्हणाले होते.

मी नाटक लिहिलं. शत्रूंचा मुलूख मात्र मुद्दाम सांगितला नाही, कारण आमच्या मागच्या लाइनीत मद्रासी कुटुंबं होती आणि तलवारींना लावायचा चंदेरी कागद आम्ही त्यांच्याच घरून आणला होता.

राजा कोण, हा प्रश्न गुलाबरावांनी एका वाक्यात सोडवला. "नाटकातला राजा काळा आणि धिप्पाड आहे. आपल्याकडे धोंडबा आहे. पुढचा विषय."

सिंहासन रशियन यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्यांचं होतं. पाठीवरची मोठी रशियन अक्षरं दिसू नयेत म्हणून राजाने ताठ टेकून बसावं अशी सक्त ताकीद होती. रथ म्हणजे भाजीचा ठेला. तो कौशल्याचा. कौशल्या इकडचीच, छत्तीसगढची, आमच्या कॅम्पात भाजी विकायची. 'रथ घेऊन जा, पण सात वाजेपर्यंत माझे टमाटे खपू द्या,' एवढीच तिची अट.

पहिला अंक छान रंगला. राजा हरला. "आज माघार, उद्या विजय!" असं म्हणून त्याने ठेल्यावर पाय ठेवला. आता साधूने हिणवायचं होतं. साधू झाला होता हिरालाल, धोंडबाचा जिगरी दोस्त, क्रेन चालवणारा. तो खणखणीत आवाजात ओरडला, "पळाला रे पळाला! काळा सिंहल पळाला!"

धोंडबा एक पाय ठेल्यावर ठेवून थांबला. मग मागे वळला.

"कोन पळाला बे?"

असं वाक्य मी लिहिलं नव्हतं. हे नाटक आहे याची आठवण द्यावी म्हणून हिरालाल जरा हळू आवाजात पुन्हा म्हणाला, "पळाला... काळा सिंहल..." धोंडबाने साधूला काखेत धरून उचललं आणि लाउडस्पीकरच्या खोक्यावर नेऊन बसवलं. मग तो सात सरदारांकडे वळला. त्यातले तिघे त्याच्याच टोळीतले. ते आपणहून खाली उतरले. उरलेल्या चौघांना त्याने एकेक करून उचलून स्टेजच्या कडेला ठेवलं, जपून, फुटण्यासारखा माल उतरवावा तसं. मग सिंहासनावर ताठ टेकून बसला आणि म्हणाला, "पाडा पर्दा."

तीन अंकी नाटक अकरा मिनिटांत संपलं. लोकांनी टोप्या उडवल्या. गुलाबराव मात्र हातातली संहिता हलवत आत आले.

"रंगारी! इतिहास बदलायला कोणी सांगितलं तुला?"

"इतियास चुकला असन साहेब. आपला राजा हाय ना तो? मंग आपला राजा पळन कावून?"

"अरे, पळाला म्हणून तर परत आला!"

"जो पळतच नाही, त्याले परत याची गरजच काय?"

त्यावर गुलाबरावांनी समितीत ठराव केला: श्री. धोंडबा रंगारी यांना राजाच्या भूमिकेतून मुक्त करण्यात येत आहे, त्यांनी पुढील वर्षापासून पडदा ओढावा.

पुढची दोन वर्षं टाइम ऑफिसातले भय्याजी राजा झाले. गोरे, नाजूक, केस चापून बसवलेले. ते फारच सुरेख पळत, जणू त्याचसाठी जन्मले होते. पण परत आले की सिंहासनावर असे बसत की जणू बसच्या सीटवर. शिवाय वाक्यं विसरत. ती वाक्यं पडद्याच्या दोरीपाशी उभा असलेला धोंडबा पुरवी, आणि त्याला हळू बोलता येत नसे. त्यामुळे लोकांना वाटे की लंकेच्या राजाचा आवाज उजव्या विंगेतून येतो आणि ओठ मधोमध हलतात.

पडद्याची दोरी धरून तो सिंहासनाकडे कसा बघायचा ते मी पाहिलं होतं. एकदा न राहवून विचारलं, "धोंडबाभाऊ, एवढं काय आहे हो त्या खोक्यात?"

तो लाजला. मग म्हणाला, "बीए बाई, गावात आमी कोनाच्या ओट्यावर नाही बसलो कधी. खाली, दूर. त्या दिशी तेथी बसलो ना, समोर हजार मानूस, अन् कोनी उठ नाही म्हनलं. एकडाव पुरं बसाचं हाय मले. नाटक संपेपर्यंत."

बासष्ट साली भय्याजींची बदली राजहऱ्याच्या खाणीवर झाली. पौर्णिमा वीस दिवसांवर. धोंडबा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गुलाबरावांसमोर उभा राहिला. मी मध्ये पडले. गुलाबरावांनी अट घातली: "पळायचं. साधू ओरडला तरी मागे वळायचं नाही. एकदा जरी वळलास, तरी पुन्हा या स्टेजवर दोरी ओढायलासुद्धा उभा करणार नाही. मंजूर?"

"मंजूर साहेब."

मंजूर म्हणणं सोपं होतं. तालमी सुरू झाल्या. हिरालाल ओरडे, धोंडबा वळे. पहिल्या दिवशी नऊ वेळा वळला. हिरालालला तर आता ओरडण्याआधीच पळायची सवय लागली. कानात कापूस घालून पाहिला. मग त्याला साधूच नव्हे, शत्रू आल्याचंही ऐकू येईना आणि तो शांतपणे राज्य करत बसे. घोड्याला लावतात तशी झापडं लावून पाहिली. तो झापडांसकट वळला. हिरालाल हात जोडून म्हणाला, "यार धोंडबा, मैं धीरे से बोलता हूँ ना, प्यार से." तो खरंच प्रेमाने म्हणाला, "पळाला रे बाबा." धोंडबा वळला.

"मी नाही वळत बाई," तो काकुळतीने मला म्हणाला, "मान वळते."

पंचफुलाबाई रोज तालमीला येऊन एका बाजूला तांदूळ निवडत बसायची. त्या दिवशी तिने सूप खाली ठेवलं.

"यायले इचारा बीए बाई, आमी भिलाईले कसे आलो?"

"नौकरीसाठी आलो," धोंडबा घाईघाईने म्हणाला.

"हो का? वाजतगाजत आलो का? हार घातले व्हते गावानं?" ती माझ्याकडे वळली. "दीक्षा घेऊन आले अन् पाटलाचं ढोर मेलं, तं हे म्हनले मी नाही ओढत. दुसऱ्या दिशी विहीर बंद, दुकान बंद, दळन बंद. महिनाभर काढला. मंग एका पाहाटे गठुडं घेतलं अन् निघालो. पारावरचे लोकं ओरडले, पळाले रे पळाले! हे वळले ना तेथी. मी सदरा धरला यायचा. फाटला सदरा, पन सोडला नाही. नाहीतं हे तेथीच दोन-चार जनाले मारून मेले असते, अन् तुमच्या फर्नेसले गाठ कोनी बांधली असती?"

हिरालालने आपली साधूची दाढी काढून हातात घेतली. धोंडबाची मान खाली गेली होती.

"तू हे साऱ्याइपुढं कावून सांगून राहिली?" तो पुटपुटला.

"बीए बाईनं लिवलं म्हनून सांगून राहिली. तिले वाटते तिनं लंकेचं लिवलं."

मी संहिता उघडली आणि तो पळण्याचा प्रवेश पुन्हा वाचला.

पंचफुलाबाईने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "राणी कोन हाय नाटकात?"

राणी होता फिटर देवाजी, आणि तो मिशी काढायला तयार नव्हता.

"मले करा राणी," ती म्हणाली. "पाहू कसे नाही पळत ते."

गुलाबराव चपापले. "बाईमाणूस स्टेजवर?"

"साहेब, राणी बाईमानूसच असते ना? का तेही इतियासात येगळं हाय?"

देवाजीने सुटकेचा निःश्वास सोडला आणि मिशीवरून हात फिरवला.

नाटकात रथावर राजा-राणीबरोबर एक छोटा राजपुत्र असतो. त्या वर्षी राजपुत्र होती माझी शालू, चार वर्षांची. मी हो म्हटलं आणि त्या क्षणापासून पस्तावले. ठेल्याचं डावं चाक डुगडुगत होतं. मी धोंडबाला चार वेळा सांगितलं, मिस्टरांना सहा वेळा, कौशल्याला हिंदीत दोन वेळा. शेवटी धोंडबाने शालूला पंचफुलाबाईच्या जुन्या लुगड्याने ठेल्याला बांधलं. "आता ठेला उलटला तं उलटला, पन पोरगी पडनार नाही," तो म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला बिचारा.

पौर्णिमेच्या संध्याकाळी मैदान भरलं. कॅम्पातले, सेक्टरातले, चरोद्याहून रेल्वेवाले, रिसालीकडचे गावकरी. लोक भाकरी बांधूनच आले होते, कारण नाटक तीन तासांचं होतं आणि वैशाखात संध्याकाळी घरात बसवत नव्हतंच. जुनी माणसं एकमेकांना सांगत होती, "धोंडबा हाय आज. जल्दी संपते, फिकर नको करू." काहींनी तर खास तो सरदारांना उचलून ठेवणार म्हणून पुढच्या जागा धरल्या होत्या.

राजा हरला. धोंडबा ठेल्यापाशी आला. ठेल्यावर पंचफुलाबाई कागदी मुकुट घालून बसली होती, तिच्यापुढे बांधलेली शालू. हिरालाल पुढे आला, माझ्याकडे एकदा बघितलं, डोळे मिटले आणि ओरडला.

"पळाला रे पळाला! काळा सिंहल पळाला!"

धोंडबा थांबला. मैदान थांबलं. मागे कोणीतरी शिट्टी मारली. "पकड त्याले, धोंडबा!" विंगेत गुलाबरावांनी संहिता छातीशी धरली. धोंडबाच्या मानेची शीर मला पहिल्या रांगेतून दिसत होती. मान हलली, थोडीशी, उजवीकडे.

तेवढ्यात पंचफुलाबाई ठेल्यावरून उतरली. लिहिलं होतं तसं, स्वच्छ म्हणाली, "महाराज, रथ जड झाला. मी उतरते. आपण जावं." धोंडबा हलला नाही. मग ती न लिहिलेलं म्हणाली, आणि ते लाउडस्पीकरवरून अख्ख्या मैदानाने ऐकलं.

"अवो, पळा ना! म्या सदरा धरू का इथंबी?"

धोंडबाने ठेल्याचा दांडा धरला आणि पळाला.

पळायचं होतं पडद्याआड, डावीकडे. तो पळाला सरळ, समोर. स्टेज म्हणजे मातीचा ओटा, पुढे उतार केलेला. ठेला त्या उतारावरून खाली आणि थेट लोकांत. माझ्या तोंडून किंकाळी निघाली, ती लोकांना नाटकातलीच वाटली. डावं चाक डुगडुगत होतं, शालू दोन्ही हात वर करून ओरडत होती, "और तेज! काका, और तेज!" मी खुर्च्यांवरून, पायांवरून, कुणाच्या तरी डब्यावरून त्यांच्यामागे धावले.

लोकांनी वाट दिली. हसायचं ठरवून आलेली माणसं पहिल्यांदा हसलीच. मग मधल्या रांगेतली एक म्हातारी उठली. ती कोण ते मला आजही माहीत नाही. तिने फडक्यातली भाकरी काढली, पळणाऱ्या राजाच्या हातात खुपसली आणि म्हणाली, "जाय बापा, जाय. उपाशी नोको जाऊ." दुसरीने कांदा दिला. एका रेल्वेवाल्याने पाण्याचा लोटा पुढे केला; राजा थांबून प्यायला. कुणी मुरमुरे दिले, कुणी चटणी. "कोनतं गाव सोडलं राजा?" एकाने विचारलं, आणि धोंडबाने, लंकेच्या राजाने, आपल्या गावाचं खरं नाव सांगितलं. "आमी तुमच्या पलीकडच्या गावचे!" तो माणूस ओरडला. "आमीबी असेच निघालो!" आता रांगारांगांतून हात पुढे येत होते. कौशल्या स्वतःच्याच ठेल्यासमोर आडवी उभी राहिली, "ए राजा, खा ले, तहाँ भागबे," आणि खाल्ल्याशिवाय तिने राजाला पुढे जाऊ दिलं नाही. ठेल्यावर शालूच्या भोवती भाकऱ्यांचा ढीग झाला. ती एक खात होती.

मी त्यांना गाठलं तेव्हा मला धाप लागली होती आणि धोंडबा रडत होता. "बीए बाई," तो म्हणाला, "मान नाही वळली."

"नाही वळली भाऊ. आता परत चला. चौदा वर्षं झाली."

स्टेजवर सात सरदारांचे वांधे झाले होते. त्यांच्याकडे तीनच वाक्यं होती. ती संपली, मग परत म्हटली, मग देवाजीने, त्याला आता सरदार केलं होतं, स्वतःहून राज्यकारभार सुरू केला आणि एकाला पाण्याच्या टाकीची दुरुस्ती करायला सांगितलं. राजा लोकांतून परत येताना दिसला तेव्हा सरदारांना झालेला आनंद लपत नव्हता. लढाई थोडक्यात आटोपली. सिंहासन रिकामं झालं.

धोंडबा सिंहासनासमोर उभा राहिला, आणि बसेना.

"बस!" गुलाबराव विंगेतून दबक्या आवाजात म्हणाले. "बस रे! संहितेत बस आहे!"

"राणी कुठी हाय?"

"ती पुढच्या प्रवेशात! तू आधी बस!"

"आधी राणी येऊ द्या, साहेब."

पंचफुलाबाई पडद्यामागे पदराने घाम पुसत होती. तिला ढकलतच पुढे आणलं. ती आली, नवऱ्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बसा ना आता. अख्खी भिलाई थांबली."

तो बसला. ताठ टेकून. तिसरा अंक पूर्ण पाऊण तास चालला, बुद्धवचन लिहून काढण्यापर्यंत, आणि राजा त्यात फक्त दोनदा बोलतो. धोंडबा सगळा वेळ बसून होता, हात गुडघ्यांवर, समोर बघत. कोणी त्याला उठ म्हटलं नाही. पडदा पडला तेव्हा गुलाबराव त्याच्याजवळ गेले आणि चष्मा पुसत म्हणाले, "तो पळण्याचा मार्ग संहितेत नव्हता. रिपोर्ट करावा लागेल." मग हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी तोच ठेवू."

शालूची गाठ सोडायला त्यानंतर अर्धा तास लागला. तिच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता, हे मी तीनदा तपासलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडबा तट्टीपलीकडून खाकरला.

"बीए बाई, पुढच्या वर्षीचं नाटक लिवाल तं ते पळनं जरा वाढवा."

"वाढवू? आणखी?"

"डावीकडचे लोकं राहून गेले ना. रुसून राहिले. म्हन्ते, आमीबी भाकर आनली व्हती, आमच्याकडून नाही गेला राजा."

आतून पंचफुलाबाईचा आवाज आला, "पहिले या कालच्या एकोनीस भाकरी संपवा. मंग पळा कुठं पळाचं ते."